ग्रुप राईडमधील वेगांचा मेळ

ग्रुप राईडमधील वेगांचा मेळ : कमीजास्त वेगाने मोटारसायकल चालवणाऱ्यांनी एकाच सहलीत, कोणावर घाई न लादता आणि कोणाला मागे न सोडता, प्रवास करण्याची रीत. कोल्हापुरात ‘गाडी’ म्हणजे बहुतेक वेळा दुचाकीच. रविवारी पहाटे रंकाळ्यावर जमून गगनबावडा, राधानगरी, आंबा किंवा आंबोलीकडे निघणारे ग्रुप इथे रोजच्या पाहण्यातले आहेत. अशा एखाद्या ग्रुपात ३५० सीसीची बुलेट असते, शंभर सीसीची स्प्लेंडर असते, जिवापाड जपलेली आरएक्स १०० असते आणि डबलसीट ॲक्टिव्हाही असते. ‘सगळ्यांनी एकाच वेगानं चलायचं’ हा ठराव निघताना सर्वानुमते होतो आणि पहिल्या दहा किलोमीटरमध्ये मोडतो. टिकते ती पद्धत उलटी आहे : वेग ज्याचा त्याला ठेवू द्यायचा, थांबे मात्र पक्के बांधून घ्यायचे.

याचे कारण साध्या हिशोबात आहे. कोल्हापूर ते गगनबावडा अंतर सुमारे ५५ किलोमीटर. सरासरी ५५ च्या वेगाने जाणारा तासाभरात पोचतो, ४५ ने जाणारा ७३ मिनिटांत. फरक तेरा मिनिटांचा, म्हणजे एक चहा आणि हेल्मेट काढून केस सारखे करणे. एवढ्यासाठी ४५ वाल्याला ५५ ने ओढत नेण्यात काही अर्थ नाही. उलट, आपल्या हाताबाहेरच्या वेगात गेलेला चालक वळणात चुकतो. पुढच्याचा मागचा दिवा दिसेनासा होऊ नये म्हणून तो नजर रस्त्यावरून काढून त्या दिव्याला चिकटवतो आणि वळण उशिरा दिसते. ग्रुपमधले अनेक अपघात होतात ते असे, पुढच्याला गाठण्याच्या नादात.

सगळ्यांचा वेग सारखा असला तरी रांग ताणली जातेच. ऊस गळिताच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, कोल्हापूरच्या कोणत्याही रस्त्यावर हे बघायला मिळते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर २० च्या वेगाने चालला आहे आणि मागे आठ गाड्या आहेत असे धरा. दुपदरी रस्त्यावर समोरची वाहने पाहून प्रत्येकाला वेगळी संधी शोधावी लागते. एकाच्या आणि त्याच्या मागच्याच्या ओव्हरटेकमध्ये वीस सेकंदांचे अंतर पडले, तर पहिल्यानंतर आठवा निघेपर्यंत १४० सेकंद जातात. तोवर पहिला ६० ने पुढे गेलेला असतो आणि अंतर दीड किलोमीटरच्या वर जाते. ते भरून काढायला आठव्याला ७० ने नऊ-सव्वानऊ मिनिटे गाडी मारावी लागते, मध्ये दुसरा ट्रॅक्टर आला नाही तर. कुडित्र्याच्या कारखान्याकडे वळणाऱ्या वाहतुकीत तो येतोच. रांग अशी रबरासारखी ताणते आणि आखडते, आणि त्याचा सगळा भार शेपटाकडच्यांवर पडतो. म्हणून ओव्हरटेक झाल्यावर पुढच्याने लगेच वेग न वाढवता सगळे बाहेर पडेपर्यंत हळू राहायचे असते. ही साधी गोष्ट पाळणारे लीड, म्हणजे सर्वांत पुढचे चालक, कमी भेटतात.

‘फास्ट’ आणि ‘स्लो’ हे शिक्के माणसाला कायमचे चिकटवता येत नाहीत. कागलकडे जाणाऱ्या चौपदरी महामार्गावर बुलेट पुढे असते. घाटाच्या उतारावर बुलेटवाला जपून उतरतो आणि रोज त्या रस्त्याने ये-जा करणारा स्प्लेंडरवाला सहज पुढे जातो. ॲक्टिव्हाला गिअर नसल्याने इंजिनाचा ब्रेक, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिनामुळे आपोआप कमी होणारा वेग, कमी मिळतो. लांब उतारावर तिचे ब्रेक तापतात, तिला सावकाश जाऊ द्यावेच लागते. चढणीला डबलसीट शंभर सीसी मागे पडते. कोल्हापूर घाटमाथ्याच्या बाजूला असल्याने इथून कोकणात जाताना घाट आधी उतरायचा असतो आणि चढायचा तो परतीला, म्हणजे माणसे दमलेली आणि अंधार पडत आलेला असताना. पावसाळ्यात गगनबावडा-आंबोलीकडे धुके असे उतरते की पुढची गाडी दहा पावलांवर दिसत नाही. दाजीपूरच्या जंगलातून फोंडाघाटाकडे जाताना गवा रस्त्यावर उभा असू शकतो. सकाळचा क्रम परतीला तसाच ठेवण्यापेक्षा घाटाखाली थांबून नव्याने लावलेला बरा.

क्रम लावण्याची प्रचलित पद्धत अशी. सर्वांत पुढे लीड, ज्याला रस्ता ठाऊक आहे. सर्वांत मागे स्वीप, जो कोणालाही स्वतःच्या मागे राहू देत नाही. पंक्चरची किट आणि औषधे त्याच्याकडे. पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती केलेल्यांना हा शेवटचा माणूस नवा नाही. सर्वांत हळू चालवणाऱ्याला लीडच्या लगेच मागे ठेवतात, कारण रांगेचे रबर पुढच्या टोकाला सर्वांत कमी ताणते आणि लीडला तो आरशात दिसत राहतो. पण माणसाला हे पटवणे अवघड. ‘मला पुढं कशाला, मी येतो की निवांत मागनं,’ असे तो हमखास म्हणतो. त्याच्या मागे अडकलेले दोघे-तिघे चुळबुळ करतात ते वेगळेच.

गाड्या सहा-सातच्या वर गेल्या की दोन तुकड्या कराव्यात, प्रत्येकीला आपला लीड आणि स्वीप. वेगवान तुकडी आधी सोडावी. हळू तुकडीला पंधरा मिनिटे आधी सोडून चहाला एकत्र भेटण्याची कल्पना चांगली वाटते. पण मग वाटेत आपल्याच लोकांना ओव्हरटेक करावे लागते आणि तिथे चढाओढ सुरू होते.

वेग मोकळे सोडले की फाट्यावर चुकण्याची भीती उरते. त्यावर उपाय मार्करचा. वळण आले की लीडच्या मागचा गाडीवाला तिथे सुरक्षित कडेला थांबतो, येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवतो आणि स्वीप दिसला की त्याच्या पुढे रांगेत शिरतो. रत्नागिरी रस्त्यावर वाघबिळाला पन्हाळ्याचे वळण फुटते, तिथे एक मार्कर पुरे. गगनबावड्यात मात्र करूळ घाटाने वैभववाडी आणि भुईबावडा घाटाने खारेपाटण असे दोन रस्ते होतात. तिथे चुकलेला माणूस चूक लक्षात येईपर्यंत घाट उतरून गेलेला असतो. मार्कर कंटाळून निघून गेला तर सगळी व्यवस्था कोसळते. महामार्गाच्या पदरात मार्कर उभा करायचा नसतो. तिथे पुढचा थांबा एखाद्या पेट्रोल पंपावर ठरवतात. मार्कर नको असेल तर प्रत्येकाने आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची : फाट्यावर तो आरशात दिसेपर्यंत वळायचे नाही.

रस्ता सरळ आणि मोकळा असेल तर तिरकी रांग धरतात : एक गाडी लेनच्या उजव्या भागात, पुढची डाव्या. तिरक्या गाडीपासून एक सेकंद, नाकासमोरच्या गाडीपासून दोन सेकंद. ६० च्या वेगाला दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर, ८० ला ४४. पावसात याहून जास्त. घाटात आणि अरुंद रस्त्यावर एकामागे एक, कारण वळणात प्रत्येकाला आपली पूर्ण लेन लागते. शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवणे फोटोत छान दिसते, खड्डा आला की दोघे एकमेकांवर जातात.

वेगाला वरची मर्यादा कायद्यानेच घातलेली आहे. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे मोटारसायकलला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर आणि इतर रस्त्यांवर ६० ही कमाल मर्यादा. स्थानिक फलक त्याहून कमी सांगत असेल तर फलक मानायचा. रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि कलम १२९ मुळे हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही लागते. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते, हे उतरणाऱ्या ग्रुपांना अनेकदा ठाऊक नसते.

घाटात मोबाईलला रेंज जाते, म्हणून लोकेशन शेअर केले आहे यावर विसंबून चालत नाही. थांब्याचे ठिकाण आणि वाट बघण्याची मुदत निघण्यापूर्वी सर्वांना तोंडी सांगतात. मुदत उलटली तर शोधायला एकानेच मागे जायचे, तेही आलेल्याच रस्त्याने, आणि बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. चौघे चार दिशांना गेले की हरवलेला माणूस चहाच्या टपरीवर येऊन बसतो आणि त्याला शोधणारे घाटात फिरत राहतात.