पोरगा जहाजावर आणि बातमीत त्सुनामी: काळजी नेमकी कधी करायची?

वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यातलं पोरगंही आता मर्चंट नेव्हीत जातं. मग कधीतरी गावच्या ग्रुपवर व्हिडिओ येतो. जहाजाच्या नाकावर पाण्याचा डोंगर कोसळतोय आणि खाली लिहिलंय 'त्सुनामी'. घरच्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. पण भर समुद्रातली त्सुनामी अशी दिसतच नाही. खरं तर अशा बहुतेक व्हिडिओंत राक्षसी लाटही नसते, नुसता खवळलेला समुद्र असतो.

त्सुनामी समुद्राच्या तळातून येते. भूकंपाने तळ वरखाली सरकला की त्यावरचं सगळं पाणी हलतं, चार किलोमीटर खोल असलं तरी. एवढ्या खोलीवर तिचा वेग ताशी 700 किलोमीटरच्या आसपास असतो, पण उंची किरकोळ. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीवरून सुमारे दोन तासांनी जेसन-1 उपग्रह गेला, तेव्हा खोल हिंदी महासागरात तिची उंची भरली जेमतेम 60 सेंटिमीटर. दोन शिखरांमधलं अंतर शेकडो किलोमीटरचं. जहाज काही मिनिटांत हळूच वर जातं, हळूच खाली येतं. डेकवरच्या माणसाच्या हातातला चहाही सांडत नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की तिचा वेग मोडतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि मग गावंच्या गावं वाहून जातात.

राक्षसी लाट, जहाजावरच्या बोलीत फ्रीक वेव्ह, ही वाऱ्याची लाट. ज्वारीच्या वावरात वारा शिरला की कणसांवरून लाट पळते, धांडा मात्र जागेवरच राहतो. इथंही वरचं पाणी हलतं, खोल तळाला पत्ता नसतो. ती ओळखायची मोजणीने. त्या वेळच्या सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी काढतात, तिला सिग्निफिकंट वेव्ह हाइट म्हणतात. तिच्या दुपटीहून उंच लाट ती राक्षसी. म्हणजे ही सरासरी 6 मीटर असेल तर 12 मीटरहून मोठी. आपल्याकडे अप्पर वर्धा किंवा गोसीखुर्दच्या पाण्यावर कितीही वारा सुटला तरी एवढी लाट उठणार नाही. त्यासाठी वाऱ्याला शेकडो किलोमीटर उघडं पाणी लागतं.

वेगवेगळ्या वेगाच्या लाटा एका जागी, एका क्षणी एकमेकींवर चढल्या की ती तयार होते. समोरून जोरदार प्रवाह आला तर लाटा आखडतात आणि आणखी उंच, उभ्या होतात. साधा हिशोब लावला तर साधारण 3000 लाटांमागे एक दुपटीची निघते. दर 10 सेकंदांना एक लाट धरली तर आठ-साडेआठ तासांत एक. शांत समुद्रात दुपटीचं काही वाटत नाही, वादळात तीच जीवघेणी ठरते.

खलाशांच्या या गोष्टी शास्त्रज्ञ बराच काळ अतिशयोक्ती समजत. 1 जानेवारी 1995 ला उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या ड्रॉपनर या वायूच्या प्लॅटफॉर्मवर लेझर यंत्राने 25.6 मीटरची लाट नोंदवली. आजूबाजूच्या समुद्राची सिग्निफिकंट वेव्ह हाइट होती सुमारे 12 मीटर. त्याआधी, डिसेंबर 1978 मध्ये, 'म्युन्शेन' हे जर्मन मालवाहू जहाज उत्तर अटलांटिकमध्ये गडप झालं. पुढे त्याची एक लाइफबोट सापडली. ती पाण्यापासून जवळपास 20 मीटर उंचीवर टांगलेली असायची, तरी तिच्या लोखंडी पिना पुढून मागे वाकल्या होत्या. तेवढ्या उंचीवर पाण्याचाच तडाखा बसला असणार.

त्सुनामी आणि राक्षसी लाट यांची गल्लत महागात पडते, कारण उपाय उलटे आहेत. त्सुनामीचा इशारा आला की वेळ असेल तर जहाज बंदर सोडून खोल पाण्यात जातं, साधारण 180 मीटरच्या पुढे. बंदरात उंच लाट न येताही पाण्याचा ओढा दोरखंड तोडतो आणि जहाज धक्क्यावर किंवा दुसऱ्या जहाजावर आदळतं. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अगुल्हास प्रवाह नैऋत्येकडे धावतो. समोरून नैऋत्येचं वादळ आलं की तिथं राक्षसी लाटा उठतात. तिथला सल्ला आहे, प्रवाहातून बाहेर पडा आणि 200 मीटर खोलीच्या रेषेच्या आत, किनाऱ्याकडे सरका.

राक्षसी लाटेचा वेगळा भोंगा वाजत नाही. म्हणून वादळाच्या अंदाजावरच तयारी होते: वेग कमी, नाक लाटेकडे, डेकवर माणूस नाही, हॅच कव्हरच्या (मालाच्या कोठाराच्या झाकणांच्या) कड्या आवळलेल्या, जलरोधक दारं बंद. वेग कमी करायचा, पण सुकाणूचा ताबा सुटेल इतका नाही. इंजिन बंद पडलं की जहाज लाटांना आडवं होतं, आणि लाट कुशीवर घेतली की उलटण्याचा धोका. पुढचं हॅच कव्हर फुटलं तर पाणी थेट मालाच्या कोठारात शिरतं, नाक जड होतं आणि पुढची लाट आणखी वर चढते.

घरच्यांनी त्सुनामीची बातमी ऐकल्यावर पोराला एकच विचारावं, "बंदरात आहेस का बाहेर खोल समुद्रात?" खोल समुद्रात म्हणाला तर निवांत जेवा. फोन लागत नसेल तर जहाज भर समुद्रात, रेंजबाहेर असण्याचीच शक्यता जास्त. भारतासाठीचे त्सुनामीचे इशारे हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था, देतं. लाटांच्या उंचीचे अंदाजही तिथंच मिळतात. त्यातला आकडा पाहून दुप्पट करायची सवय ठेवा.