बेसचा जुना गोल आवाज तारेतनं येतो

मागच्या रविवारी सोलापुरात सात रस्त्याजवळ आमची प्रॅक्टिस होती, ऑर्केस्ट्रात नवीन आलेला पोरगा बेस गिटार घेऊन बसलेला, सत्तरच्या दशकातलं एक गाणं चालू होतं आणि तो सारखा अँपची, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची, बटणं फिरवत होता. "दादा, ट्रेबल पूर्ण खाली आणला तरी तो जुना गोल आवाज येईना बघा." म्हटलं अँप सोड, ई स्ट्रिंगवरनं, म्हणजे सगळ्यात जाड तारेवरनं, नख घास. झर्रर्र झालं, कंगव्याच्या दातांवरनं नख फिरवल्यासारखं. मग माझ्या बेसवर घासायला लावलं, तिथं नख नुसतं सुळकन सरकलं, आवाज जवळजवळ नाहीच.

फरक तारेच्या वरच्या वेढ्यात आहे. बेसची जाड तार म्हणजे एक सळई नसते, आत पोलादाची बारीक तार, बऱ्याचदा षटकोनी, आणि तिच्यावर दुसरी तार गच्च गुंडाळलेली, आपल्याकडं कापडाच्या मागासाठी कांडी भरतात ना, साधारण तसं. एवढा खटाटोप कशाला, तर बेसच्या ई स्ट्रिंगचा सूर ४१.२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं, आणि तारेची लांबी बहुतेक बेसवर ३४ इंच ठरलेली. एवढा खालचा सूर काढायचा तर ताण कमी करा नाहीतर वजन वाढवा. ताण फार कमी केला तर तार लोंबते, फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटते. वजनासाठी एकसंध जाड तार घेतली तर ती ताठ होते आणि ताठ तारेचे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणारे त्याच्या पटीतले सूर, चढे लागतात, सूर कडवट होतो. वेढा घातला की वजन वाढतं पण तार लवचिक राहते, मला तर ही युक्ती फारच सुंदर वाटते.

आता हार्मोनिक्स म्हणजे काय ते तानपुरा ऐकलेल्यांना सांगायची गरज नाही. खर्जाची तार छेडली की आत गंधार ऐकू येतो, तो पाचवा हार्मोनिक. बेसची ई वाजवली की ४१.२ बरोबर ८२.४, १२३.६ असे पट एकावर एक वाजत असतात आणि त्यातले वरचे किती आणि किती वेळ टिकतात ह्याच्यावर आवाज झणझणीत की गोल ते ठरतं. तानपुऱ्यात हे काम जवारी, म्हणजे तार टेकते त्या घोडीचा घासून केलेला उतार, करते, खुली जवारी, बंद जवारी म्हणतात ते. बेसमध्ये तारेचा वेढा पण तसंच काहीतरी करतो.

राउंडवाउंड म्हणजे गोल तारेचा वेढा, त्याच्यात वरचे हार्मोनिक्स भरपूर, बोट सरकलं की चरचर. फ्लॅटवाउंडमध्ये वेढा चपट्या पट्टीचा, वेढे एकमेकाला चिकटून, त्याच्यामुळं तार जास्त ताठ आणि वरचे हार्मोनिक्स लवकर विरतात, मागं खालचा घुमारा राहतो. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ ला आला तेव्हापासून बरीच वर्षं बेसवर बहुतेक फ्लॅटच असायच्या, राउंडवाउंडचा जोर साठच्या दशकात इंग्लंडात रोटोसाउंडच्या तारांनी वाढला. म्हणजे जो 'क्लासिक' आवाज आपण शोधतोय तो त्या काळी साधा नेहमीचा आवाज होता. मोटाउन ह्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅट वाजवायचा आणि तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही असं सांगतात.

जुनी तार मऊ का वाजते तेही सांगतो. बोटांचा घाम, तेल, धूळ वेढ्यांच्या फटीत जाऊन बसतं आणि ह्या मळानं आधी वरचे हार्मोनिक्स दबतात. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात तर दोन कार्यक्रमांत नव्या राउंडवाउंडची चमक गेलेली मी बघितलीय, आणि शेंगा चटणी खाऊन तसाच बेस उचलला तर विचारूच नका. काहीजण तारा पाण्यात उकळून मळ काढतात, थोडे दिवस चमक परत येते खरी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मोबाईलच्या छोट्या स्पीकरला ४१ हर्ट्झ झेपतच नाही, तरी बेस ऐकू येतो कारण वरचे हार्मोनिक्स ऐकून मेंदू खालचा सूर स्वतः भरून घेतो. फ्लॅटमध्ये तेच कमी, त्यामुळं मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओत बेस गायब वाटतो, पण हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहातल्या मोठ्या स्पीकरवर तोच बेस ढोलकच्या खाली अंथरल्यासारखा बसतो.

माझं मत विचाराल तर जुनी गाणी वाजवणाऱ्यानं फ्लॅट घ्याव्यात, महाग पडतात पण वर्षानुवर्षं चालतात आणि फ्रेटही कमी झिजतात. स्लॅप, म्हणजे अंगठ्यानं तारेवर ठोके मारत, वाजवणार असाल तर राउंडच बऱ्या. खर्च नको असेल तर ब्रिजजवळ, म्हणजे तारा खालच्या टोकाला टेकतात तिथं, तारांखाली फोमचा तुकडा सारून बघा, आस कमी होते आणि बराचसा तो 'ठुम' मिळतो.

पोऱ्यानं शेवटी फ्लॅट चढवल्या. ताण जास्त म्हणून दुसऱ्या दिवशी नेक, म्हणजे बेसची दांडी, पुढं वाकली, तारा फ्रेटपासून उचलल्या, तर दांडीच्या आतली ट्रस रॉड नावाची सळई पाव फेरा आवळली, प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागावा म्हणून ब्रिजवर इंटोनेशन लावलं, आणि तेच गाणं परत सुरू केलं. ह्या वेळी अँपला कुणी हात लावला नाही.