माणशी किती लिटर?

वीस वर्षांनी शहराला किती पाणी लागेल, हे काढायची जुनी रीत सोपी आहे: तेव्हाची लोकसंख्या गुणिले माणशी लिटर. याच गुणाकारावर धरणं आणि जलवाहिन्या उभ्या राहतात. लोकसंख्येचा अंदाज चुकू शकतो, हे सगळे जाणतात. दुसरा आकडा मात्र कायमचा धरला जातो, आणि माझ्या मते खरी फसगत तिथेच होते.

घरातलं पाणी नेमकं कुठे जातं, हे पाहायची एक सुरेख पद्धत आहे. घराच्या मीटरवर नोंदयंत्र बसवून दर 10 सेकंदांनी प्रवाह टिपायचा. आलेख काढला की एकेक वापर ओळखू येतो. फ्लशची टाकी भरताना रेषा एकदम चढते, थोडा वेळ सपाट चालते आणि बॉल व्हॉल्व्ह मिटू लागला की उतरते. दर खेपेला जवळपास तेवढंच पाणी. वॉशिंग मशीन टप्प्याटप्प्याने पाणी घेतं. आणि घर झोपल्यावरही रेषा शून्याला टेकत नसेल, तर कुठेतरी गळतंय. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाचे 86,400 थेंब होतात. चार हजार थेंबांचा लिटर धरला, तरी रोजची एक बादली गेली.

अमेरिकेत अशा मोजणीचे दोन मोठे अभ्यास झाले. पहिला 1999 मध्ये प्रसिद्ध झाला, दुसरा 2016 मध्ये. या काळात एका घराचा आतला वापर सुमारे 22 टक्क्यांनी घटला. माणसं फ्लश पूर्वीइतक्याच वेळा करत होती, पण फ्लशच्या टाक्या आणि कपडे धुण्याची यंत्रं बदलली होती. 1992 च्या कायद्याने नव्या टाक्यांना फ्लशमागे सुमारे 6 लिटरांची मर्यादा घातली. त्याआधीच्या कित्येक टाक्या 13 लिटर किंवा त्याहून जास्त ओतत. म्हणून अंदाज बांधायचा तर माणसांबरोबर टाक्याही मोजायला हव्यात. बिऱ्हाडंही मोजायला हवीत: फरशी पुसणं, भांडी घासणं यांचं पाणी चौघांत वाटलं जातं, एकट्याच्या घरात ते सगळं एकाच्याच नावावर पडतं.

उद्याचा अंदाज त्यामानाने सोपा. कालचा वापर, मागच्या आठवड्यातला हाच वार आणि तापमान, एवढ्यावर बरंच जमतं.

मोठी अडचण येते ती पाणी ठरावीक तासच सुटतं तिथे. अशा ठिकाणी मीटर गरज मोजत नाही, आलेलं पाणी मोजतो. ज्या घरात कमी दाबाने दोनच हंडे भरले, त्याची मागणी दोन हंडे अशी नोंद झाली, तर पुढची जलवाहिनीही तेवढ्याच हिशेबाने आखली जाईल. तो अन्याय गणिताच्या आड दिसतही नाही.

टंचाईतल्या आकड्यांचंही तसंच. 2018 मध्ये केपटाऊनमध्ये माणशी दिवसाला 50 लिटरांची मर्यादा होती. त्या दिवसांतला वापर पुढच्या वर्षांना जसाच्या तसा लावता येत नाही. टंचाईत बदललेली फ्लशची टाकी पुढेही कमीच पाणी घेते; अंघोळ दोन मिनिटांत उरकायची सवय मात्र पावसानंतर किती दिवस टिकेल, हे त्या आकड्यांतून कळत नाही.