थंडावा मोजून हवाय? मग क्रीमसोबत बेसही पाठवा

"लावल्या लावल्या गार वाटतं, तरी तुमच्या रिपोर्टमध्ये तापमान बेसइतकंच कसं?" मेन्थॉलची क्रीम आमच्या प्रयोगशाळेत तपासायला देणारे बहुतेक ग्राहक हा प्रश्न विचारतात. बेस म्हणजे तुमचीच क्रीम, फक्त मेन्थॉल वगळून. फोनवर घाईत अर्धवट सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो आहोत.

क्रीमचा गारवा दोन वाटांनी येतो. पहिली वाट पाण्याची. क्रीममधलं पाणी, आणि असेल तर अल्कोहोल, उडताना त्वचेची उष्णता घेऊन जातं, माठातलं पाणी गार होतं तसंच. यात त्वचेचं तापमान खरोखर उतरतं. एक ग्रॅम पाणी उडायला साधारण 2.4 किलोज्यूल उष्णता लागते. आम्ही दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावतो. तिच्यात 70 टक्के पाणी धरलं, तर ते सगळं उडेपर्यंत त्या जागेवरून फार तर साडेतीन ज्यूल उष्णता जाते. म्हणून हा गारवा थोड्याच वेळात ओसरतो.

दुसरी वाट मेन्थॉलची. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीएम8 नावाचं प्रथिन असतं. ते गारव्याने जागं होतं, तसंच मेन्थॉलनेही होतं. हे 2002 मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन या शास्त्रज्ञांच्या गटांनी वेगवेगळं काम करून दाखवलं. तापमान आणि स्पर्शाच्या संवेदनांवरील संशोधनासाठी दोघांना 2021 चं नोबेल मिळालं. मेन्थॉल लावलं की मेंदूला 'गार' असा निरोप जातो, पण त्वचेचं तापमान त्यासाठी उतरावं लागत नाही. तुमचं मेन्थॉल वाया गेलेलं नाही. ते त्वचेचं तापमान टिपणाऱ्या आमच्या थर्मल कॅमेऱ्याला दिसत नाही, माणसाला जाणवतं. म्हणून आम्ही व्हॉलंटियरला, म्हणजे चाचणीसाठी हातावर क्रीम लावून घेणाऱ्याला, दहा सेंटिमीटरच्या रेघेवर 'किती गार वाटतंय' याची खूण ठरावीक वेळाने करायला लावतो. रिपोर्टमध्ये तापमानाचा रकाना वेगळा आणि जाणिवेचा वेगळा असतो. दोन्ही वाचा.

आता मुख्य अडचण, बेसची. बरेच जण तो पाठवतच नाहीत, आणि पाठवतात त्यातले पुष्कळ चुकीचा पाठवतात. होतं असं की मेन्थॉलचे खडे आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून मग क्रीममध्ये घातले जातात. बेस करताना कारागीर ते अख्खं मिश्रणच वगळतो. म्हणजे मेन्थॉलबरोबर अल्कोहोलही गेलं. मग क्रीम बेसपेक्षा जास्त गार दिसते आणि सगळे खूश होतात, पण तो फरक अल्कोहोलचा असतो, मेन्थॉलचा नाही. असा आकडा आम्ही सही करून देऊ शकत नाही, आणि चाचणी पहिल्यापासून करावी लागते. तेव्हा अल्कोहोल तेवढंच घाला, फक्त खडे घालू नका. खड्यांच्या वजनाइतकं पाणी वाढवलं तरी चालेल. तुमच्याच दुसऱ्या एखाद्या क्रीमला बेस म्हणून पाठवू नका. तिच्यात पाणी किती आणि तेल किती हे वेगळं असणार.

"आधी क्रीमची चाचणी करा, बेस पुढच्या आठवड्यात पाठवतो" हेही चालत नाही. थर्मल कॅमेऱ्याचा स्वतंत्र आकडा दोन अंशांनीसुद्धा इकडेतिकडे असू शकतो. मात्र एकाच फोटोतल्या दोन जागांमधला अंशाच्या दहाव्या भागाचा फरक तो नीट दाखवतो. म्हणून क्रीम, बेस आणि कोरी त्वचा अशा तिन्ही जागा एकाच हातावर, एकाच वेळी लागतात. मनगट आणि कोपराजवळची त्वचा सारख्या तापमानाची नसते, त्यामुळे प्रत्येक व्हॉलंटियरमागे जागांची अदलाबदल करतो.

"आमच्या ऑफिसात येऊनच मोजून द्या," असा आग्रह काही ग्राहक धरतात. मुंबईच्या पावसाळ्यात पाणी लवकर उडत नाही आणि नागपूरच्या मे महिन्यात बघता बघता उडतं. एकाच क्रीमचे दोन आकडे निघतील. आमची खोली 20 ते 22 अंश आणि 40 ते 60 टक्के आर्द्रतेवर असते, आणि व्हॉलंटियर बाह्या वर करून अर्धा तास नुसता बसतो. या अर्ध्या तासाचे पैसे कशाला, असं विचारलं जातं. बाहेरून तापून आलेला हात आपोआपच गार होत जातो. तो गारवा तुमच्या क्रीमच्या खात्यात जमा होऊ नये म्हणून. त्वचेला टेकवायचा साधा तापमापक, म्हणजे प्रोब, लावून का मोजत नाही? कारण प्रोब जिथे टेकतो, तिथलं पाणी उडणंच थांबतं.

क्रीम आणि बेस एकाच दिवशी बनवा. प्रत्येकी 50 ग्रॅम, घट्ट झाकणाच्या बरणीत, काठोकाठ भरून पाठवा. झाकण सैल राहिलं तर पाणी वाटेतच उडतं. फ्रिजमध्ये ठेवू नका, बर्फात पॅक करू नका. बेस बनवणं जमत नसेल तर फॉर्म्युला द्या, आम्ही लहान बॅच करून देतो. त्याचे पैसे वेगळे; फॉर्म्युला मात्र आमच्याकडून बाहेर जात नाही, याची लेखी हमी देतो.

लेबलवर काय लिहायचं, हे रिपोर्ट आल्यावर ठरवा. फरक फक्त जाणिवेच्या रकान्यात असेल तर 'थंडावा जाणवतो' लिहा, 'त्वचेचं तापमान उतरवते' लिहू नका. कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे दिशाभूल करणारा दावा चालत नाही, आणि छापून झालेली पाकिटं रद्द करणं चाचणीपेक्षा महाग पडतं. मजकूर छापायला देण्याआधी आम्हाला दाखवा. तो तपासून देण्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.