वाफेच्या आधीचं इंजिन

इंजिन म्हटलं की आपल्याला धूर, धडधड आणि डिझेलचा वास आठवतो. पण हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा वाफेचं यंत्र जन्माला यायला चारशे वर्षं अवकाश होता.

मूळ लॅटिन शब्द 'इंजेनियम', म्हणजे उपजत बुद्धी. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत उतरला. चौदाव्या शतकातला कवी चॉसर मनाच्या तीन शक्ती सांगताना स्मरण आणि बुद्धी यांच्या जोडीला 'एंजिन' बसवतो. तिथे त्याचा अर्थ कल्पकता. त्याच काळात कावा, कपट हाही अर्थ चालत होता. पुढे अशा डोक्यातून निघालेल्या वस्तूलाच ते नाव मिळालं: शिकाऱ्याचा सापळा, किल्ल्याच्या तटावर धोंडे फेकणारं यंत्र. ही युद्धयंत्रं बांधणारा तो इंजिनिअर. पेशा मुळातच लष्करी, म्हणून तर अठराव्या शतकात दीपगृहं नि कालवे बांधणारा जॉन स्मीटन स्वतःला 'सिव्हिल' इंजिनिअर म्हणवू लागला.

1712 मध्ये थॉमस न्यूकॉमेनचं यंत्र इंग्लंडमधल्या खाणीतलं पाणी उपसू लागलं. सिलिंडरमधल्या वाफेत थंड पाणी सोडलं की वाफेचं पाणी होई, आत जवळजवळ निर्वात पोकळी तयार होई आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली रेटी. याला 'फायर इंजिन' म्हणत. जेम्स वॉटच्या 1769 च्या पेटंटमध्येही हेच नाव आहे, आणि आग विझवणाऱ्या पंपाचंही नाव हेच!

याच शब्दाचं आखूड रूप 'जिन'. अमेरिकेत एली व्हिटनीने 1794 मध्ये सरकी काढणाऱ्या जिनचं पेटंट घेतलं. विदर्भातला शेतकरी कापूस जिनिंगला नेतो, तेव्हा तोच शब्द त्याच्या तोंडी असतो.

मला तर वाटतं, उष्णतेवर चालणारं यंत्र हा या शब्दाचा मूळ स्वभाव नव्हेच. युक्तीने काम साधणारी रचना, हा त्याचा खरा गाभा. म्हणून सर्च इंजिन हे नाव मला मुळीच खटकत नाही. चार्ल्स बॅबेजनेही 1820च्या दशकात आपल्या गणकयंत्राला 'डिफरन्स इंजिन' म्हटलं होतं. गुणाकार टाळून नुसत्या बेरजांनी गणिती कोष्टकं तयार करायची, हे त्याचं तत्त्व. आणि त्या बेरजा करायच्या दातेरी चाकांनी. बॅबेजच्या हयातीत ते पूर्ण झालं नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने 1991 मध्ये त्याच्या नंतरच्या आराखड्यावरून गणन करणारा भाग बांधला. हाताने दांडा फिरवला की ते 31 अंकी संख्यांची गणितं बरोबर सोडवतं.