फ्रेंच भूतकाळातले कर्तरी आणि कर्मणी

'पासे काँपोझे' हा फ्रेंचमधला रोजच्या वापरातला भूतकाळ. क्रियापदाचं भूतकाळी धातुसाधित घ्यायचं आणि त्याआधी 'एत्र' (असणे) किंवा 'अव्हार' (जवळ असणे) याचं योग्य रूप ठेवायचं. कोणतं कुठे, हे बहुतेकजण याद्या घोकून शिकतात. मराठी माणसाने मात्र आधी स्वतःचा भूतकाळ नीट बघावा, असं मला मनापासून वाटतं.

आपण 'तो मेला', 'ती मेली' म्हणतो. फ्रेंचमध्ये 'इल ए मॉर', 'एल ए मॉर्त'. जाणं, येणं, जन्मणं, मरणं, पडणं अशा मोजक्या अकर्मक क्रियापदांना 'एत्र' लागतं आणि धातुसाधित कर्त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, आपल्या कर्तरी प्रयोगासारखं. स्वतःवरच होणाऱ्या क्रियांनाही 'एत्र'च लागतं. उरलेल्या जवळपास सगळ्यांना 'अव्हार'. झोपणं आणि चालणं अकर्मक असूनही याच गटात पडतात, तेवढं लक्षात ठेवावंच लागतं.

खरी गंमत सकर्मक क्रियापदांत आहे. 'झे एक्री ला लेत्र' म्हणजे मी पत्र लिहिलं. पण 'मी लिहिलेलं पत्र' म्हणताना 'ला लेत्र क झे एक्रित' होतं. 'लेत्र' स्त्रीलिंगी आहे आणि इथे ते क्रियापदाच्या आधी आलंय, म्हणून शेवटी 'त' ऐकू येतो. कर्त्याचं लिंग इथे बघतच नाहीत. 'रामाने चिठ्ठी लिहिली' या कर्मणी प्रयोगात आपणही तेच करतो.

याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे 'माझ्याजवळ पत्र लिहिलेलं आहे' अशा अर्थाची रचना होती, म्हणून 'लिहिलेलं' हे पत्राचं विशेषण होतं. मराठीचा भूतकाळही संस्कृतमधल्या 'मया पत्रं लिखितम्' अशा धातुसाधितावरच उभा राहिला. दोन्ही भाषांनी क्रियेच्या परिणामाचं वर्णन करता करता भूतकाळ घडवला. फरक एवढाच, की फ्रेंचमध्ये कर्म नंतर आलं तर हा मेळ सुटला. आज बोलताना तर कर्म आधी असलं तरी अनेकजण तो पाळत नाहीत.

वापराचं सांगायचं तर पासे काँपोझे पूर्ण झालेल्या घटनेसाठी. तिच्यामागची चालू स्थिती 'आँपार्फे' हा दुसरा भूतकाळ सांगतो. 'इल प्लव्हे कां झ सुई सॉर्ती', म्हणजे मी बाहेर पडलो तेव्हा पाऊस पडत होता. यात पाऊस आँपार्फेत आणि बाहेर पडणं पासे काँपोझेत. १६६० च्या पोर-रोयाल या जुन्या फ्रेंच व्याकरणग्रंथात आजच्या दिवसातल्या घटनेसाठी पासे काँपोझे आणि त्याआधीच्यांसाठी 'पासे सँप्ल' हा आणखी एक भूतकाळ, असा नियम आहे. पुढे पासे सँप्ल बोलण्यातून गेला. कादंबऱ्या आणि इतिहासाच्या पुस्तकांत तो अजून भेटतो, म्हणून निदान ओळखता यायला हवा.