रीड-ओन्ली झालेली फाइल सिस्टीम वेळेत कशी पकडायची

सर्व्हर पिंगला उत्तर देतोय, वेबसाइटची पानं उघडतायत, सीपीयू निवांत आहे. फक्त डेटाबेसमध्ये एकही नवी नोंद पडत नाही. कारण फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइल्स मांडणारी व्यवस्था) रीड-ओन्ली झालीय, म्हणजे वाचता येतं, पण लिहिता येत नाही. अशा वेळी लॉग बघावा, तर तोही तासाभरापूर्वीच थांबलेला. लॉगची फाइल त्याच डिस्कवर, मग तक्रार लिहिणार कुठे? लिनक्सच्या कर्नलचे (सिस्टीमच्या गाभ्याचे) संदेश तेवढे मेमरीत असतात. ते दाखवणारी डीमेसेज ही कमांड चालवली की ‘रीमाउंटिंग फाइलसिस्टीम रीड-ओन्ली’ ही ओळ सापडते, पण घाईने रीबूट केलं की तीही गेली. म्हणून लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय आधीच हवी.

हे कर्नल मुद्दाम करतो. ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाइल सिस्टीमला मेटाडेटात (फाइल्सबद्दलच्या नोंदींत) गडबड दिसली किंवा जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) लिहिता आलं नाही, तर आहे तो डेटा आणखी बिघडू नये म्हणून लिहिणंच बंद. मूळ कारण बहुधा खालच्या थरात असतं: मरायला टेकलेली डिस्क, सैल केबल, किंवा नेटवर्कवरचं स्टोरेज थोडा वेळ गायब होणं.

पाळत ठेवायची सोपी जागा म्हणजे प्रॉक या कर्नलच्या आभासी फोल्डरमधली माउंट्स ही फाइल; माउंट केलेल्या, म्हणजे जोडलेल्या, प्रत्येक फाइल सिस्टीमची ओळ तिच्यात असते. त्यातल्या निरोगी डिस्कच्या ओळीत पर्याय असे दिसतात: ‘आरडब्ल्यू, रिलेटाइम, एरर्स=रिमाउंट-आरओ’. आरडब्ल्यू म्हणजे लिहिता येतं, आरओ म्हणजे रीड-ओन्ली; शेवटचा पर्याय सांगतो, चूक दिसली तर रीड-ओन्ली हो. इथेच नवखी स्क्रिप्ट फसते. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने नुसतं ‘आरओ’ शोधलं तर शेवटचा पर्याय सापडतो आणि धडधाकट सर्व्हरवर रात्रभर अलर्ट वाजत राहतो. इतकंच काय, इंग्रजीत लिहिलेल्या ‘एरर्स’च्या पोटातही आर आणि ओ शेजारीशेजारी आहेत. स्वल्पविरामावर तुकडे पाडा आणि पूर्ण शब्द जुळवा. स्नॅप या पद्धतीने बसवलेल्या अॅप्सचे स्क्वॉशएफएस माउंट जन्मजात रीड-ओन्ली असतात, ते वगळा. प्रोमिथियस ही देखरेखीची प्रणाली वापरत असाल तर तिचा आकडे गोळा करणारा नोड एक्स्पोर्टर हीच माहिती ‘नोड_फाइलसिस्टीम_रीडओन्ली’ या नावाने 0 किंवा 1 अशी देतो.

पण एवढ्यावर विसंबू नये. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम ‘आरओ’ होत नाही, थेट बंद पडते आणि ओळीत आरडब्ल्यू तसंच राहतं. अलीकडच्या कर्नलमध्ये ईएक्सटी4 ‘आरओ’ऐवजी ‘इमर्जन्सी_आरओ’ लिहिते. म्हणून दर मिनिटाला प्रत्येक डिस्कवर छोटी फाइल लिहा आणि एफसिंक करा, म्हणजे ती खरोखर डिस्कवर उतरवायला लावा. नाहीतर लेखन मेमरीतच राहून सगळं आलबेल वाटतं. अडकलेली डिस्क स्क्रिप्टलाही अडकवते, तेव्हा 10 सेकंदांची मुदत घाला. ईएक्सटी4चा ‘एरर्स_काउंट’ हा आकडाही पाहत जा. ‘एरर्स=कंटिन्यू’ असलेली डिस्क चुका होऊनही लिहीतच राहते; तिथे हा आकडाच बोलतो.

अलर्ट आल्यावर लगेच रीमाउंट करून आरडब्ल्यू करायचा मोह होतो. तसं करू नका. आधी स्मार्टसीटीएल या कमांडने डिस्कची तब्येत पाहा, बॅकअप तपासा, मग फाइल सिस्टीम अनमाउंट करून ई2एफएससीके ही तपासणी-दुरुस्तीची कमांड चालवा. रूट, म्हणजे सिस्टीम जिच्यावर चालते ती मुख्य फाइल सिस्टीम असेल, तर रेस्क्यू मोडमधून.